धाब्याचा गारवा कुणाचा, घरकुलाचा उकाडा कुणाचा?

सध्या 'पारंपरिक आणि शाश्वत घर' या विषयाची चलती आहे. शहरातला सुखवस्तू माणूस शेतात मातीच्या भिंतींचे फार्महाऊस बांधतो, जुन्या वाड्याचे कोरीव खांब विकत आणून उभे करतो, वास्तुतज्ज्ञाला विचारून दार कुठे ते ठरवतो आणि म्हणतो, 'ही आपली संस्कृती.' त्याच मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि आपल्या वस्त्यांमध्ये पत्र्याखाली नाहीतर घरकुलाच्या स्लॅबखाली माणसे भाजून निघतात. म्हातारी माणसे दिवसभर झाडाखाली बसून काढतात, परीक्षेची तयारी करणारी पोरे रात्री रस्त्याच्या दिव्याखाली येतात. म्हणून प्रश्न विचारला पाहिजे : 'आपली' म्हणजे कुणाची?

खानदेशातले धाब्याचे घर थंड असते, यात वाद नाही. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर काड्या आणि पाला, आणि सगळ्यात वर खाऱ्या मातीचा थर. जाड माती ऊन हळूहळू शोषते, उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. हे पदार्थविज्ञान आहे. पण ते अंगात मुरले कुणाच्या? भिंत रचणाऱ्याच्या, दगड फोडणाऱ्या वडाराच्या, पावसाळ्याआधी डोक्यावर खारी वाहून धाबे लिंपणाऱ्या बाईच्या. ज्यांनी वाडे बांधले त्यांना त्याच वाड्याचा उंबरा ओलांडता येत नव्हता. आज वाड्याच्या मातीला वारसा म्हणतात आणि महारवाड्यातल्या मातीला झोपडी. माती मात्र एकाच गावची.

आता या 'संस्कृती'चे शास्त्र बघा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा अध्याय आहे. त्यात घराची रुंदी वर्णावर ठरते : ब्राह्मणाला ३२ हात, पुढे प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी, आणि सर्वांत हीन मानलेल्यांना त्याहूनही कमी. जमिनीच्या रंगालाही वर्ण : पांढरी ब्राह्मणाची, काळी शूद्राची. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या आपल्या काळ्या मातीची किंमत या शास्त्राने अशी केली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर ठरवली आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले, त्यात हा गावाचा नकाशाही होता. आज वास्तुदोष काढणारा सल्लागार जात विचारत नसेल, पण तो ज्या परंपरेचे नाव सांगून फी घेतो ती अशी आहे.

याउलट आपल्या परंपरेतला निकष बघा. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात बुद्धांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या निवासांना आणि वीट, दगड, चुना, गवत, पाने अशा पाच प्रकारच्या छपरांना परवानगी दिली. निवास कशासाठी? थंडी, ऊन, पाऊस, डास, साप यांपासून रक्षण व्हावे म्हणून. हे नियम भिक्खूंसाठी होते, हे खरे. पण न्हावी असलेल्या उपालीला त्या संघात वेगळी मोजपट्टी नव्हती. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथली चित्रे ज्या गिलाव्यावर आहेत तो माती आणि वनस्पतींच्या तंतूंचा आहे, वर चुन्याचा पातळ हात. दीड हजार वर्षे तो टिकून आहे. मातीचा अभिमान बाळगायचा तर हा बाळगा.

आता आपल्याच माणसांशी बोलतो. आपल्या वस्तीत 'माती म्हणजे गुलामी आणि स्लॅब म्हणजे प्रगती' हे समीकरण पक्के आहे. त्यामागचा राग मला समजतो. दरवर्षी गळणारे धाबे, खचणारी भिंत हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांना किल्लारीही आठवून द्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो मेले. म्हणून माझे म्हणणे धाब्याकडे परत चला असे नाही. धाब्यातला गारवा घ्या, त्यातला धोका टाका. पण परंपरा नाकारताना तिच्यातले विज्ञानही फेकून दिले, तर ज्याच्याकडे एसी आहे तोच जिंकतो.

घरकुलाचे काय होते ते बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, केंद्राच्या नियमातले मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, शिवाय रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी. आपल्यासाठी रमाई आवास आहे. पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायालाच निम्मा जीव जातो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी तळाशी फुगीर खांबांचा पाया विकसित केला आहे. तो आपल्या वस्तीपर्यंत का येत नाही? भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख आहे, तिच्या विटा बनतात. त्या उभ्या कडेवर लावून भिंतीत पोकळी सोडली तर विटा कमी लागतात आणि ऊन अडते. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी हे गरिबांच्या घरांत करून दाखवले. स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात, समोरासमोर दोन खिडक्या, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे दुसरे छत : यातल्या कशालाही पुरोहित लागत नाही. केंद्राच्याच नियमाप्रमाणे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे, त्यात ठेकेदाराला जागा नाही. मग आराखडा ठेकेदार का ठरवतो?

कार्यकर्त्यांनो, पुढच्या ग्रामसभेत हे प्रश्न लेखी द्या. घरकुलाची यादी वाचली जाते तेव्हा पाया कोणता, छताला उष्णतारोधक थर आहे का, खिडक्या किती, हे विचारा आणि ठरावात लिहून घ्या. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले, त्याची आठवण म्हणून ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या वर्षी एक स्टॉल घराचाही असू द्या : राखेची वीट, पोकळ भिंतीचा नमुना, पायाचे चित्र आणि शेजारी वस्तीतला गवंडी. समजावून सांगणारा तोच असला पाहिजे, कारण हे ज्ञान मुळात त्याचेच आहे.

जयभीम!