नाव न मिळालेली पोटदुखी

ठाणे आणि भिवंडी यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे काल्हेर हे आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि तेथे महिनोन्‌महिने पोट दुखत असलेल्या माणसापुढे गावातला दवाखाना संपला की दोन वाटा उरतात: एक भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाकडे जाणारी, तर दुसरी कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याकडे, पुढे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे नेणारी. दोन्ही अंगांना रुग्णालये असणे ही सोय खरीच. पण चिवट पोटदुखीचे निदान कोणत्याही एका दिवसाच्या तपासणीत क्वचितच सापडते, ते दुखण्याच्या कित्येक महिन्यांच्या चालीत दडलेले असते, आणि ती चाल खाडीच्या दोन्ही बाजूंच्या केसपेपरांत विभागली गेली की पुरती कोणाच्याच हाती लागत नाही.

या अडचणीचे मूळ शरीररचनेतच आहे. आतडी, जठर, पित्ताशय यांसारख्या पोकळ अवयवांची वेदना वाहून नेणारे मज्जातंतू विरळ असतात आणि निरनिराळ्या अवयवांकडून येणारे संदेश मज्जारज्जूत एकत्र मिसळतात. त्यामुळे दुखते एकीकडे आणि जाणवते भलतीकडे. याउलट पोटाच्या भिंतीला आतून लागून असलेल्या पातळ पडद्याला, म्हणजे उदरावरणाला, सूज आली की वेदना तीव्र होते आणि तिच्या जागेवर बोट ठेवता येते. अपेंडिक्सची कळ सुरुवातीला बेंबीभोवती येते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते, ती याच कारणाने.

म्हणूनच रुग्णाच्या तोंडचे शब्द हे तपासणीचे साधन ठरतात. मुरडा, कळ, ठणका, चमक, आग, गुबारा हे शब्द मराठीत एकमेकांचे पर्याय नाहीत: मुरडा शौचाशी जोडलेला असतो, कळ लाटेसारखी येते आणि ओसरते, ठणका लयीत राहतो. जुन्या वैद्यकालाही या भेदाचे भान होते; ‘माधवनिदान’ या ग्रंथात अन्न पचत असताना उठणाऱ्या वेदनेला परिणामशूल असे वेगळे नाव दिलेले आहे, म्हणजे वर्गीकरणाचा आधार दुखण्याची वेळ हा आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे सारे बारकावे ‘पोटात दुखते’ या दोन शब्दांत आटोपले जातात आणि आम्लपित्ताची गोळी लिहिली जाते. गोळीने बरे वाटणारे पुष्कळ असतात, हे मान्य करावेच लागेल. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

या उरलेल्यांमध्ये आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगाचा विचार टाळता येत नाही. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते त्या भागात तो बहुधा घर करतो, खोकला नसतानाही असू शकतो, आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या रोगाशी त्याचे इतके साम्य असते की दुर्बिणीने घेतलेला तुकडा तपासूनही कधीकधी दोहोंतला फरक ठरत नाही. हा गोंधळ निरुपद्रवी नाही, कारण क्रोन्ससाठी दिली जाणारी स्टेरॉइडे क्षयाला मोकळे रान देतात. पोटाच्या क्षयाच्या निदानाला एक जुना आधारही आहे: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये लॅपरोस्कोपी, म्हणजे बारीक छिद्रातून दुर्बीण घालून पोट आतून पाहण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा सी.टी. स्कॅन भारतात यायचे होते. त्यांचे नाव पुढे १९९० च्या दुर्बिणीतून केलेल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी गाजले. परंतु त्याआधीची कित्येक वर्षे ही दुर्बीण प्रामुख्याने न उलगडणाऱ्या पोटांचे निदान करण्यासाठी वापरली गेली, आणि उदरावरणाचा क्षय ओळखण्यात तिचा मोठा उपयोग झाला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

सगळे अहवाल स्वच्छ आले म्हणजे दुखणे मनाचे, हा निष्कर्ष क्षय आणि क्रोन्सच्या गोंधळाहूनही घातक आहे, आणि स्त्रियांच्या वाट्याला तो अधिक येतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याचा विकार, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही. आतडे दिसायला निरोगी आणि वागण्यात बिघडलेले असू शकते: आतड्याच्या अशा कार्यबिघाडासाठीच्या २०१६ च्या रोम निकषांनुसार, किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली आणि गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी होणारी, शौचाच्या सवयींतील बदलाशी निगडित वेदना हे आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे) निदान आहे, निदानाचा अभाव नव्हे. वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी कळ ही लक्षणे असतील तर मात्र तेथे थांबता येत नाही. कार्नेट या शल्यचिकित्सकाने १९२६ मध्ये सांगितलेली चाचणी तर फुकट आहे: उताण्या रुग्णाला डोके उचलून पोट ताठ करायला लावावे, दाबल्यावर दुखणे वाढले तर वेदना बहुधा आतल्या अवयवांत नसून पोटाच्या भिंतीत आहे. तिला लागतो तो फक्त हात आणि एक मिनिट.

नेमके तेच मिनिट महाग झाले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत, पण गोदामात रोजंदारीवर माल उतरवणाऱ्याचा बुडालेला दिवस कोणी भरून देत नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. ज्या दुखण्याला अजून नावच नाही, ते यादीत कुठे शोधायचे? रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या चौदा अंकी क्रमांकावर सारी कागदपत्रे एकत्र ठेवण्याची सोय आहे, आणि तरीही रुग्णाचा खरा इतिहास प्लॅस्टिकच्या पिशवीत फिरतो, जिच्यातील सोनोग्राफीची थर्मल कागदावरची चित्रे उष्णतेने पुसट होत जातात. तो इतिहास एकाच नजरेखाली राहावा म्हणून पुढच्या भेटीची तारीख लिहिताना केसपेपरवर त्याच डॉक्टरचे नाव लिहिण्याला कोणतेही नवे यंत्र लागत नाही.