दुसऱ्या सर्व्हरची चैन

व्यापारी मंडळींना संगणकविषयक उपदेश करण्याचे व्रत ज्यांनी कोणी न सांगता पत्करले आहे, अशा एका सद्गृहस्थांनी अलीकडे मोठ्या अधिकारवाणीने असा निवाडा दिला आहे की, दहा-पंधरा माणसांच्या पेढीने रिमोट डेस्कटॉपसाठी वेगळा सर्व्हर उभा करणे ही निव्वळ चैन होय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कचेरीत एक सर्व्हर असतोच, त्याच्यावरच सर्वांना बसवावे, बाहेरून येण्यासाठी राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडावे आणि कोणी फारच भित्रा निघाला तर तो क्रमांक बदलून द्यावा, परवान्यांच्या भानगडीत पडू नये, कारण त्यावरचा उतारा गल्लोगल्लीच्या तंत्रज्ञांना ठाऊक असतो, आणि या सर्वांवर कळस म्हणजे, लहान माणसाच्या वाटेला जाण्याइतकी सवड कोणत्याही चोराला नसते. चार कलमांत चार अनर्थ इतक्या सफाईने बसवण्याचे कौशल्य सामान्य नव्हे. श्रोत्यांनी माना डोलावल्या असतील तर त्यातही नवल नाही. काटकसरीचा उपदेश कोणत्याही काळी गोडच लागतो.

गरजेविषयी वाद नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना, शहरात विक्रीची कचेरी, आणि हिशेब तपासणारे सनदी लेखापाल तिसऱ्याच ठिकाणी, अशी ज्या धंद्याची मांडणी असते, त्याला टॅलीतील एकच जमाखर्च तिन्ही ठिकाणांहून पाहावा लागतो. सामायिक फोल्डरातील तो जमाखर्च दुरून थेट उघडू गेल्यास प्रत्येक नोंदीपायी फाइलींचे तुकडे तारेवरून ये-जा करू लागतात आणि एक पावती फाडायला चहाचा पेला संपावा लागतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये मात्र प्रोग्राम आणि डेटा जागच्या जागी राहतात. पडद्याचे चित्र तेवढे इकडे येते, कळफलकाचे ठोके आणि माउसच्या हालचाली तेवढ्या तिकडे जातात. एका यंत्रावर अनेकांनी दुरून काम करावे ही कल्पना अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६१ सालीच प्रत्यक्षात उतरली होती, आणि मायक्रोसॉफ्टने १९९८ साली टर्मिनल सर्व्हर या नावाने ती आपल्या विंडोजच्या पदरात घेतली. तेव्हा ही सोय हवीच. प्रश्न एवढाच आहे की, तिला बसायला जागा कोणती द्यावी.

आमच्या उपदेशकांनी दाखवलेली जागा अशी की, तिच्याहून वाईट जागा शोधू म्हटले तरी कचेरीत सापडणार नाही. लहान पेढीतील तो ‘असतोच’ म्हटलेला एकुलता सर्व्हर हा बहुधा डोमेन कंट्रोलर असतो. कोण माणूस आपला आणि कोण परका, कोणाला कोणता फोल्डर मोकळा आणि कोणाला बंद, याचा हुकूम तिथून सुटतो. सर्वांच्या पासवर्डांची गणिती रूपे तिथल्या एका फाइलीत नांदत असतात. अशा यंत्रावर दुरून येण्याची परवानगी मूळच्या व्यवस्थेत केवळ प्रशासकालाच असते, आणि ती का असते याचा क्षणभर विचार न करता आमचे सद्गृहस्थ ती सरसकट बहाल करायला सांगतात. मामलेदार कचेरीत जागेची टंचाई आहे, सबब कारकुनांच्या बैठका खजिन्याच्या खोलीत मांडाव्यात, असे सुचवणाऱ्या अव्वल कारकुनाची बदली त्याच आठवड्यात झाली असती. संगणकाच्या क्षेत्रात तो सल्लागार होतो.

बरे, पेढीतला कारकून त्या यंत्रावर नुसता जमाखर्च लिहून उठतो असेही नाही. तो तिथूनच ईमेल उघडतो, जीएसटीच्या संकेतस्थळावर जातो, अनोळखी पुरवठादाराने धाडलेले ‘थकीत बिल’ कुतूहलाने उघडून पाहतो, आणि प्रिंटर रुसला की तंत्रज्ञाला फोन लावतो. तंत्रज्ञ घाईत असतो. तो म्हणतो, ‘तात्पुरते प्रशासकाचे अधिकार देऊन टाकतो.’ साध्या सर्व्हरवर असे अधिकार दिले तर ते त्या एका यंत्रापुरते राहतात. डोमेन कंट्रोलरवर स्वतःपुरती अशी वेगळी खातीच नसतात. तिथे दिलेला प्रशासकाचा अधिकार साऱ्या जाळ्यावर चालतो. एका रुसलेल्या प्रिंटरपायी पेढीचे कुलमुखत्यारपत्र एका उमेदवार कारकुनाच्या हाती जाते, आणि ‘तात्पुरते’ हा शब्द आमच्या कचेऱ्यांत किती वर्षे टिकतो हे वाचकांना सांगायला नको.

याहून सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक घातक अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या यंत्रावर सर्वांची लॉगिने, सर्वांच्या फाइली, सर्वांचा जमाखर्च आणि आता सर्वांची बैठक आहे, ते यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याची इजाजत कोणी देत नाही. महिनाअखेर असते, विवरणपत्राची मुदत असते, मालक स्वतः बाहेरगावाहून काम करीत असतात. सुरक्षेची दुरुस्ती आणि यंत्राचे पुन्हा चालू होणे यांची गाठ पक्की असल्याने दुरुस्त्या तुंबत जातात. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाने ओळखला गेलेला रिमोट डेस्कटॉपमधील दोष उघडकीस आला, तेव्हा पासवर्डाशिवाय यंत्रात शिरता येईल आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरता येईल अशी त्याची जात होती, आणि तो इतका भयंकर मानला गेला की, ज्यांचा आधार केव्हाच संपला होता त्या विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्यासाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. दुरुस्ती निघाली हे खरे. पण जे यंत्र बंद करण्याची सोयच आमच्या मित्रांनी ठेवलेली नाही, त्याच्यावर ती चढायची केव्हा?

यावर ठरलेले उत्तर येते ते असे की, लहान धंद्यांना सगळे एकाच पेटीत द्यावे ही तर निर्मात्यांचीच रीत होती. स्मॉल बिझनेस सर्व्हर विसरलात काय? विसरलो नाही, उलट त्याचे नाव निघावे याचीच आम्ही वाट पाहत होतो. फार तर पंचाहत्तर माणसांच्या कचेरीसाठी घडवलेल्या त्या प्रकारात टपाल, फाइली, डोमेन असे सारे एकाच यंत्रात कोंबलेले होते, हे खरे. परंतु २००३ च्या आवृत्तीत निर्मात्यांनी एकाच गोष्टीला त्या पेटीत थारा दिला नाही, आणि ती गोष्ट म्हणजे सर्वांनी येऊन बसण्याचा टर्मिनल सर्व्हर. तो हवा असेल तर दुसरा सर्व्हर त्याच जाळ्यात सदस्य म्हणून जोडावा, असा दंडक होता. २००८ च्या प्रीमियम आवृत्तीबरोबर तर दुसऱ्या सर्व्हरचा परवाना त्यांनी आपण होऊन दिला. काटकसरीसाठीच जन्मलेल्या वस्तूच्या कर्त्यांनी ज्या एका ठिकाणी काटकसर नाकारली, नेमके तेच ठिकाण आमच्या सद्गृहस्थांनी काटकसरीसाठी निवडावे, यातील योगायोग मोठा मनोहर आहे. त्या मालिकेतील शेवटच्या २०११ च्या आवृत्तीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तिचा धडा मात्र कालबाह्य झालेला नाही.

वस्तुतः हा वाद आजचा नव्हे. पेठेत संगणक नवे आले तेव्हा ‘वही आहेच, मग बॅकअप कशाला?’ असे विचारणारे होते; पुढे वही गेली आणि प्रश्न तसाच राहिला. त्यानंतर ‘सगळी घरचीच माणसे, मग प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कशाला?’ हा वाद झाला, आणि एकाच पासवर्डाने चाललेल्या दुकानात चुकीची नोंद कोणी केली याची रुजवात घालताना घरच्याच माणसांत अबोला धरला गेला. दरवेळी युक्तिवाद एकच: मोठ्यांना लागते ते लहानाला लागत नाही. लहानाने कमी माल घ्यावा हे समजते. त्याने हलका माल घ्यावा हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

आता उरलेली कलमे. ‘लहानाकडे कोण पाहतो?’ याचे उत्तर असे की, पाहणारा माणूसच नसतो. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले, आणि एका साध्या यंत्रावरून इंटरनेटच्या जुन्या धाटणीच्या जवळजवळ साऱ्या सार्वजनिक पत्त्यांवर एखादे पोर्ट उघडे आहे की नाही हे पाऊण तासाच्या आत तपासता येते, असे दाखवून दिले. त्या तपासणीला तुमची उलाढाल ठाऊक नसते. आणि तुम्हाला किंमत नाही हेही खरे नव्हे: २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सडेडिक नावाच्या चोरबाजारात फोडलेले सत्तर हजारांहून अधिक रिमोट डेस्कटॉप सर्व्हर विक्रीला मांडलेले होते, आणि त्यांचे भाव सहा डॉलरपासून सुरू होत. क्रमांक बदलण्याच्या उपायाविषयी एवढेच सांगता येईल की, मोजणी यंत्राला ३३८९ च्या पुढेही येते. शिवाय आपल्याकडील पुष्कळ ब्रॉडबँड ग्राहकांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळत नाही. तेव्हा हा फुकटचा धोका पत्करण्यासाठी आधी स्थिर पत्त्याचे जादा पैसे मोजावे लागतात, ही मौज निराळीच.

परवान्यांची कथा करमणुकीची आहे. सर्व्हरवर दोघांना मोकळा प्रवेश असतो तो देखभालीसाठी, खतावणीसाठी नव्हे. रिमोट डेस्कटॉपची भूमिका रीतसर बसवल्यावर परवाने आणण्यास १२० दिवसांची सवलत मिळते. हा चातुर्मास संपत आला की रजिस्ट्रीतील एक नोंद उडवून तो पुन्हा बसवणारे भाविक तंत्रज्ञ गावोगाव आहेत. काही ठिकाणी तर सर्व्हरही नसतो; साध्या विंडोज १० च्या एका फाइलीत फेरफार करून अनेकांना आत घेतात, पुढच्या दुरुस्तीत तो फेरफार पुसला जातो, म्हणून दुरुस्त्याच बंद ठेवतात. त्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

खर्चाच्या कलमाला एक ओळ पुरे: दुसरा सर्व्हर म्हणजे दुसरी लोखंडी पेटी नव्हे, विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका परवान्यात त्याच पेटीवर दोन आभासी सर्व्हर चालवण्याची मुभा आहे.

मंडन फार लांबवण्याचे कारण नाही, कारण करायचे ते थोडे आहे. डोमेन कंट्रोलर एकटा असावा. रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर त्याच जाळ्यात सदस्य म्हणून वेगळा जोडावा, आणि त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला, मालकांसकट, सामान्य वापरकर्त्याचेच अधिकार असावेत. बाहेरून येणे व्हीपीएनमधून किंवा ४४३ पोर्टावरील गेटवेमधून, पासवर्डाच्या जोडीला दुसऱ्या पडताळणीसह. चुकीच्या पासवर्डाचे काही प्रयत्न झाले की खाते काही काळ आपोआप बंद. परवाने माणसागणिक वा यंत्रागणिक घेता येतात: दोन पाळ्यांची माणसे एकाच यंत्रावर बसत असतील तर यंत्रागणिक, एकच माणूस घरून आणि कचेरीतून येत असेल तर माणसागणिक घ्यावेत. बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे २०२२ पासून नियमानेच बंधनकारक आहे, आणि त्याच वर्षी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांप्रमाणे घुसखोरीची खबर सहा तासांत द्यावी लागते. डिजिटल सहीचे टोकन सर्व्हरला लावून ठेवू नये; रिमोट सत्रातून ते दिसत नाही, ते ज्याच्या त्याच्या समोरच्या संगणकालाच लावावे. एवढी तजवीज केली की दुरुस्तीसाठी यंत्र पुन्हा चालू करताना टॅलीपुरते काम अर्धा तास थांबते, पेढी थांबत नाही.

मोठ्या कंपनीत रात्रंदिवस नोंदी वाचणारी माणसे पगारावर असतात; तिथे रचनेत उणीव राहिली तरी कोणाच्या तरी लक्षात ती येण्याचा संभव असतो. लहान पेढीत रविवारी रात्री शंभर वेळा चुकलेला पासवर्ड पाहायला कोणीही नसते, आणि म्हणूनच तिथे रचनेनेच आपली राखण केली पाहिजे. स्वतंत्र सर्व्हरची निकड मोठ्या कंपनीहून लहान पेढीला अधिक आहे, आणि ती लहान आहे याच कारणासाठी अधिक आहे. आमच्या सद्गृहस्थांनी हे लहानपण नेमके उलट्या पारड्यात टाकले. पेढीच्या मालकांनी तरी तो तराजू तपासल्यावाचून त्यांच्या सल्ल्याची फी देऊ नये.