जकात वॉशिंग्टनची, संहिता दिल्लीची, घाम मात्र आमचा!



21 नोव्हेंबर ही तारीख आम्हांला शाळेत कोणी पाठ करायला लावली नाही. ती फ्लोरा फाउंटनच्या फरसबंदीवर आमच्याच माणसांच्या रक्ताने लिहिली गेली. 1955 साली त्या दिवशी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या मोर्चावर गोळ्या चालल्या आणि पंधरा माणसे पडली. पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली, तेव्हा कुठे 1 मे 1960 उजाडला.

त्या गोळीबाराला बरोबर 70 वर्षे झाली त्या दिवशी, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, दिल्लीने चार कामगार संहिता लागू केल्या. 29 जुने कायदे एका दिवसात गुंडाळून ठेवले. तारीख मुद्दाम निवडली असा आरोप आम्ही करीत नाही. दिल्लीला त्या तारखेची आठवणच नसावी, आणि आमचे दुखणे तेच आहे! कामगाराच्या भाकरीविषयीचा निर्णय होतो तेव्हा त्या खोलीत कामगाराला ओळखणारा, त्याची भाषा बोलणारा कोणी असतो काय? हा सवाल 1955 साली होता आणि आजही आहे.

आम्ही भोर-वेल्ह्याच्या मावळातली माणसे. आमच्यातले कोणी लालबाग-परळच्या गिरण्यांत हयात घालवून गावी परतले. कोणाची पोरे आज शिरवळ, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात, तर कोणी भिवंडी-इचलकरंजीला मागावर उभे आहेत. जगात कुठे लढाई पेटली, कुठे कर वाढला, कुठे नवे यंत्र निघाले, की पुढारी त्यावर भाषणे ठोकतात. आम्हांला मात्र एकच हिशेब कळतो: महिनाअखेर पाकिटात काय आले? त्याच हिशेबाने या दिवसांतल्या मोठमोठ्या बातम्या तपासून पाहू.

संहिता: गोड किती, कडू किती?

जे चांगले आहे ते चांगले म्हणावे. नव्या संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे लागेल. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी मिळेल. चाळिशी ओलांडलेल्याची वर्षातून एकदा फुकट तपासणी होईल. बदली म्हणून दारात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाला नेमणूकपत्राची किंमत आम्ही सांगायला नको.

आता दुसरी बाजू बघा. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळे ठोकायचे, कपात करायची, तर सरकारची परवानगी लागे. आता ही अट तीनशे कामगारांच्या पुढे. अहो, भोर-शिरवळच्या पट्ट्यात तीनशे कायम कामगार असलेले कारखाने मोजायला दोन हातांची बोटे तरी लागतील काय? म्हणजे छोट्या कारखान्यातल्या माणसाच्या डोक्यावरचे छप्परच काढले! संपाचेही तसेच. केंद्राच्या जुन्या कायद्यात आधी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक सेवांपुरती होती. आता प्रत्येक ठिकाणी 14 दिवस आधी नोटीस. ज्यांनी 18 जानेवारी 1982 चा संप पाहिला, अडीच लाख माणूस गिरणीबाहेर पडलेला पाहिला, त्यांना ठाऊक आहे की कायद्याच्या एका कलमात किती ताकद असते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला कामगारांचा प्रतिनिधी ठरवले होते आणि तो कायदा काढा ही त्या संपातली एक मागणी होती. मागणी पुरी झाली नाही, गिरण्या गेल्या.

आणि आता तासांचे ऐका. 1911 च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतल्या पुरुष कामगाराला दिवसाची 12 तासांची मर्यादा घातली. तिथून भांडत भांडत 1948 च्या कायद्यापर्यंत आम्ही 9 तासांवर आलो. आणि सप्टेंबर 2025 मध्ये आमच्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्याचा दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली! आठवड्याचे 48 तास कायम राहतील, जादा वेळेला दुप्पट दाम मिळेल, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगतात. ऐकायला झकास आहे. पण कंत्राटी पोरगा ठेकेदाराला "संमती नाही" म्हणेल काय? आणि म्हणालाच, तर दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत पाऊल टाकेल काय?

संमतीचा कागद असतो कोणत्या भाषेत? वेल्ह्याच्या डोंगरातून आलेला दहावी पास पोरगा सहा पानी इंग्रजी कराराच्या तळाशी सही करतो. त्याला सांगतात, "अरे, नेहमीचाच कागद आहे, कर सही." जो कागद वाचता येत नाही त्यावरची सही म्हणजे अंगठाच! आमच्या आजोबांनी सावकाराच्या वहीवर केला तोच, फक्त शाई बदलली.

लढाई त्यांची, मंदी आमची

दूरदेशीच्या भांडणाचा आणि आमच्या पाकिटाचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला मुंबईचाच इतिहास दाखवावा. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 साली ती लढाई थांबली आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. गोळी तिकडे सुटली, दिवाळे इकडे वाजले.

2025 च्या ऑगस्टात तेच झाले. अमेरिकेने आमच्या मालावर 7 ऑगस्टपासून 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के जकात बसवली. वरचे 25 टक्के का? तर हिंदुस्थान रशियाचे तेल घेतो म्हणून! तेल घेतले कंपन्यांनी, रुसवा वॉशिंग्टनचा, आणि फटका कोणाला? अमेरिकेला जाणारे तयार कपडे, टॉवेल, चादरी विणणाऱ्या आणि शिवणाऱ्या हातांना. जकातीचा आकडा पुढे चढो की उतरो, ऑर्डर थांबली की पहिला खाडा कामगाराचाच पडतो. मालकाच्या मोटारीचा पडत नाही.

त्यावर दिल्लीने उपाय काढला. 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरचा 11 टक्के आयात कर माफ केला, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. गिरणीला स्वस्त कापूस मिळाला, हे खरे. पण विदर्भातल्या शेतकऱ्याचा कापूस बाजारात येतो तो दसरा-दिवाळीला, आणि त्याच दिवसांत बाहेरचा कापूस करमुक्त! लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये क्विंटल हा हमीभाव कागदावर होता. तो मिळवायला सरकारी खरेदी केंद्रावर जा. आणि केंद्रावर जाण्याआधी मोबाईलवर 'कपास किसान' नावाच्या ॲपात नाव नोंदवा. ज्याच्या शिवारात मोबाईलला रेंज नाही, त्याने काय झाडावर चढावे?

गिरणीवाला आम्हांला म्हणतो, "स्वस्त कापसाने तुझी नोकरी वाचते, तू शेतकऱ्याची बाजू घेऊ नकोस." बंधूंनो, या बोलण्याला फसू नका. आम्ही गिरणीत गेलो ते डोंगराळ जमिनीवर पोट भरेना म्हणून. विदर्भाच्या शेतकऱ्याचा भाव पडला तर त्याचाही पोरगा उद्या तुमच्याच फाटकावर उभा राहील आणि तुमच्यापेक्षा कमी मजुरीत राबेल. मुंबई, विदर्भ, मराठवाडा एका राज्यात आणले ते नकाशा देखणा दिसावा म्हणून काय? कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा एका घरात यावा म्हणून!

यंत्र वैरी नव्हे, पण...

तिसरी बातमी शहाण्या यंत्रांची. कृत्रिम बुद्धिमत्ता आली. ती पत्रे लिहिते, हिशेब करते, चित्रे काढते. नव्या मागांवर कॅमेरा बसतो, कापडातला तुटका धागा तो माणसाच्या आधी टिपतो. छान आहे! ज्याने पाळीपाळीने डोळे फोडून कापड तपासले त्याला या यंत्राचा हेवा वाटणार नाही.

पण यंत्राची आणि आमची ओळख कालची नाही. 1928 साली मालकांनी दोन साच्यांच्या जागी एका विणकराला तीन साचे देण्याचा घाट घातला. तेव्हा दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर राहिले. ते काय यंत्र मोडायला निघाले होते? मुळीच नाही. त्यांचा सवाल साधा होता: तिसऱ्या साच्याचे कापड कोणाच्या खात्यात? घरी बसवलेल्या जोडीदाराची चूल कोण पेटवणार? शंभर वर्षे होत आली, सवाल तोच आहे. आता तो पांढरपेशांनाही पडला आहे. 2025 च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करणार म्हणून जाहीर केले. "आम्ही कामगार नव्हे" असे म्हणणाऱ्या आमच्या शिकल्यासवरल्या पोरांना आता युनियन म्हणजे काय ते समजेल. त्यांना हसू नका. त्यांना जवळ घ्या.

यंत्राची घाई काय करते ते वेल्ह्याला कोणी शिकवायला नको. पानशेतचे धरण पुरते तयार नसताना त्यात पाणी साठू दिले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी 12 जुलै 1961 ला धरण फुटले आणि पुणे वाहून गेले. बांध घालणे हा गुन्हा नव्हता. कच्च्या कामावर भरवसा ठेवण्याची घाई हा गुन्हा होता. आज कामगाराचे नशीब नव्या यंत्राच्या स्वाधीन करायला निघालेल्यांनी एकदा पानशेतला जाऊन यावे.

आमच्या मावळाचे काय?

ज्या 1928 साली गिरण्यांत तीन साच्यांचा झगडा पेटला, त्याच साली भाटघरचे धरण पुरे झाले. जमिनी आमच्या बुडाल्या, आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला गेले. तिकडचे शेतकरी आमचे भाऊच आहेत. त्यांच्या उसाला आमची दृष्ट लागू नये. पण पुढे पानशेत झाले, नीरा-देवघर झाले, गुंजवणी झाले, आणि वरच्या वाड्यावस्त्यांची आई-बहीण उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरतेच आहे. धरण उशाला, कोरड घशाला! सरकार म्हणते, प्रगती झाली. झाली असेल; आमच्या गावावरून पुढे गेली.

2024 साली राज्याच्या मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्यास मान्यता दिली. आम्हांला आनंद आहे. शिवरायांची राजधानी आमच्या उशाशी आहे, नाव शोभतेच. 2024 च्याच ऑक्टोबरात मराठी अभिजात भाषा झाली, त्याचाही आनंद. पण त्याआधी 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची टूम निघाली आणि नमुना म्हणून दाखवली ती आमची पानशेतची शाळा. एक शाळा चांगली झाली याचे दुःख कोणाला? पण डोंगरातल्या वस्तीची शाळा बंद झाली आणि पावसात ओढा भरून गाडी आली नाही, तर ते पोरगे अभिजात मराठी शिकणार कुठे?

त्यातच 2025 च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदी सक्तीचा हुकूम निघाला आणि लोक खवळले तेव्हा 29 जूनला मागे घ्यावा लागला. आमचे भांडण हिंदी बोलणाऱ्या कामगाराशी नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. भिवंडीच्या मागावर उत्तरेकडचा भाऊ आहे, तेलुगू बोलणारा पद्मशाली भाऊ आहे. तोही आमच्यासारखाच बारा तास उभा असतो. त्यालाही त्याच्या हक्काचा कागद त्याला कळेल अशा भाषेत मिळावा. सक्ती एक गोष्ट आणि समजूत दुसरी. आम्ही समजूत मागतो.

मागणे काय?

एक: ज्या कागदावर कामगाराची सही हवी, मग ते नेमणूकपत्र असो, जादा तासांची संमती असो, राजीनामा असो, तो मराठीत असलाच पाहिजे. नसेल तर त्या सहीला कायद्यात किंमत देऊ नये.

दोन: बारा तासांची संमती बंद खोलीत एकेकट्याकडून घ्यायची नाही, संघटनेच्या प्रतिनिधीसमोर घ्यावी, आणि नकार देणाऱ्याला कामावरून काढता येऊ नये.

तीन: नवे यंत्र आणताना किती माणसे कमी होणार आणि त्यांचे काय करणार, हे आधी लिहून द्यावे. वाढलेल्या उत्पन्नात कामगाराचा वाटा ठरवावा.

चार: परदेशी कापूस करमुक्त करायचा तर आमच्या कापसाची हमीभावाने खरेदी आधी सुरू करा.

पाच: गिरणीकामगारांची घरे मुंबईतच. 9 जुलै 2025 ला आझाद मैदानावर म्हातारी माणसे काठ्या टेकीत आली ती शेलू-वांगणीची सहल मागायला नव्हे. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. त्या जमिनीवर ज्यांनी घाम गाळला त्यांच्या वाट्याला शहराबाहेरची वाट येता कामा नये.

बंधूंनो, बेळगाव, कारवार, निपाणीचा लढा बाकी आहे. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण सीमेच्या आत असलेल्या महाराष्ट्रातही कामगाराच्या हाती त्याच्या भाषेतला कागद नसेल, तर हुतात्म्यांनी जे मागितले ते अर्धेच मिळाले म्हणायचे. उरलेले अर्धे कोणी आणून देणार नाही.

हे पान घडी घालून खिशात ठेवू नका. गावच्या पारावर, खानावळीत, पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर वाचून दाखवा. आणि उद्या कोणी इंग्रजी कागद पुढे करून "कर सही" म्हणाला, तर पेन खाली ठेवा आणि एवढेच म्हणा: "आधी मराठीत वाचून दाखवा, साहेब!"

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!