दोन घरचा पाहुणा उपाशी

ब्रिटनच्या बीबीसीने ३ एप्रिल २०२३ रोजी आपल्या दोन इंग्रजी वृत्तवाहिन्या एकत्र केल्या. त्यांपैकी एक ब्रिटिश प्रेक्षकांसाठी होती आणि तिचा खर्च तेथील कुटुंबांकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून भागत असे. दुसरी उर्वरित जगासाठी होती व तिला जाहिरातींचे उत्पन्न होते. जानेवारी २०२२ मध्ये तेथील सरकारने वर्षाला १५९ पौंडांचे हे शुल्क दोन वर्षांसाठी गोठवले. महागाई मात्र वाढतच राहिली. अखेर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एकत्रीकरणाचा निर्णय जाहीर झाला आणि ब्रिटनमधील सुमारे ७० पदे कमी होणार, हेही सांगण्यात आले.

लंडनमधील या काटकसरीशी गिरगाव, दादर किंवा लालबागच्या वाचकाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. एकच घटना दोन वृत्तकक्षांतून कशाला सांगायची, एकच स्टुडिओ, एकच निवेदक आणि एकच संपादक का पुरू नये, हा हिशेब जगभर मांडला जात आहे; भारतातील सार्वजनिक प्रसारणही त्याला अपवाद नाही. वरकरणी हा हिशेब बिनतोड वाटतो. जनतेच्या पैशाची उधळपट्टी व्हावी, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. परंतु या हिशेबात एक रकमेची नोंदच होत नाही. बातमी ही कोठारातल्या धान्यासारखी वस्तू नव्हे, की दोन ढीग एकत्र केले तरी वजन तेवढेच राहावे. बातमी म्हणजे निवड. आणि ती कोणासाठी करायची, हे ठरल्याशिवाय निवड होतच नाही. ऐकणारा बदलला की बातमी बदलते.

२६ जुलै २००५ चे उदाहरण घ्यावे. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. जगासाठी ‘मुंबईत महापूर’ एवढे शीर्षक पुरेसे होते व ते खरेही होते. परंतु परळच्या चाळीत दिवेलागणीनंतर घरच्या माणसांची वाट पाहणाऱ्या गृहिणीला त्या शीर्षकाचा उपयोग शून्य होता. हिंदमाताला पाणी किती आहे, मध्य रेल्वे कोठवर चालू आहे, मुलाने कचेरीतच थांबावे की निघावे, हे तिला हवे होते. दोन्ही बातम्या खऱ्या. पण एकीने माहिती मिळते आणि दुसरीने माणूस वाचतो. वाहिन्या एकत्र झाल्या की पहिली टिकते आणि दुसरी गळते, कारण लंडन किंवा सिंगापूरच्या प्रेक्षकाला हिंदमाता ठाऊक नसते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा अनुभव याहून बोलका आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य गावी निघालेले साधे प्रवासी होते. जगाचे कॅमेरे मात्र ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस यांच्यावर खिळून राहिले. चकमकी तेथेच चालू होत्या आणि परदेशी नागरिकही तेथेच अडकले होते, तेव्हा परक्या वाहिन्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या प्रेक्षकाशी इमान राखले. परंतु गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून दिले, तो क्षण आणि स्थानकावरील त्या मृतांची घरे, यांना पहिले स्थान देणारा वृत्तकक्ष या शहराचाच असावा लागतो.

रोजच्या जगण्यातील बातम्यांचे तर याहून कठीण. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना उड्डाणपूल पुनर्बांधणीसाठी बंद झाला. परळच्या केईएम आणि टाटा रुग्णालयांकडे पश्चिमेकडून येणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने ही त्या महिन्यातील मोठी बातमी होती. जागतिक वाहिनीच्या दृष्टीने ती बातमीच नव्हती. याच भागातील रेल्वेच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले, तेव्हा मात्र ती जगभर झळकली. अरुंद जिना ही बातमी ठरायला तेवीस बळी जावे लागत असतील, तर बातमीदारी उशिरा पोहोचली, असेच म्हणावे लागेल. दुर्घटनेआधीची बातमी स्थानिक असते आणि दुर्घटनेनंतरची आंतरराष्ट्रीय.

मुंबईला हा धडा नवा नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी वाचलेल्या मराठी बातम्यांनी घराघरात स्थान मिळवले. पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून उपग्रहाद्वारे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ केंद्रांच्या हातून गेली. देश एका सूत्रात बांधला जावा, हा त्यामागील हेतू योग्यच होता व त्याचे फळही मिळाले. मराठी बातम्याही बंद पडल्या नाहीत. परंतु त्याच वर्षी, १८ जानेवारीपासून, परळ-लालबागच्या गिरण्यांत संप चालू होता. सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली विझत चालल्या होत्या. ज्या वर्षी गिरणगावाला आपल्या बातमीची सर्वाधिक गरज होती, त्याच वर्षी पडद्यावरील त्याची वेळ आखडली. राष्ट्र मोठे होण्यासाठी गाव लहान व्हावे लागत नाही. पण वेळापत्रक एकच असले की तसे घडते.

एकत्रीकरणाचे पुरस्कर्तेही हे मनोमन जाणतात. बीबीसीने निर्णय जाहीर करतानाच ब्रिटनमधील विशेष घटनांच्या वेळी देशांतर्गत प्रेक्षकांसाठी स्वतंत्र प्रक्षेपण करण्याची सोय राखून ठेवली. भारतात लोकसभा आणि राज्यसभा यांच्या वाहिन्या एकत्र होऊन १५ सप्टेंबर २०२१ रोजी ‘संसद टीव्ही’ अस्तित्वात आली; परंतु दोन्ही सभागृहे एकाच वेळी भरतात, म्हणून अधिवेशनात प्रक्षेपण दोनच ठेवावे लागते. कार्यालय, यंत्रणा आणि प्रशासन एक झाले, हे स्वागतार्ह. सभागृहे दोन आहेत, हे सत्य मात्र कोणत्याही काटकसरीने बदलले नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नुकसान केवळ घरच्या प्रेक्षकाचे होते असे नाही. बाहेरच्यासाठी बोलणारा आवाजही दुबळा होतो. आणीबाणीत आकाशवाणीवर भरवसा उरला नव्हता, तेव्हा दादर-गिरगावच्या कित्येक घरांत दारे लोटून बीबीसीची हिंदी सेवा ऐकली जात असे. ती ऐकली गेली, कारण ती भारतीय श्रोत्यासाठी भारतीय भाषेत, स्वतंत्र विभागाने तयार केलेली होती. लंडनच्या रस्त्यांवरील वाहतुकीची बातमी त्या श्रोत्याला कोणी ऐकवली नाही. भारताची बाजू जगापुढे मांडण्याचे काम आज ‘डीडी इंडिया’कडे आहे. ते काम घरच्या बातम्यांचे इंग्रजी भाषांतर करून होणार नाही, आणि घरच्या प्रेक्षकाची गरज जगासाठी रचलेल्या बातमीपत्रातून भागणार नाही. दोघांना एकाच ताटात वाढले, तर दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण दोन्ही बाजूंनी खरी ठरेल.

मग काटकसर करायचीच नाही काय? अवश्य करावी, पण कोठे, हे आधी ठरवावे. इमारत, उपग्रहाचे भाडे, स्टुडिओ, चित्रसंग्रह, परदेशांतील वार्ताहर हे सर्व सामायिक होऊ शकते. टोकियोतील भूकंपाचे चित्रण दोनदा करण्याची गरज नाही. सामायिक होऊ नये ते संपादकाचे मेज, कारण ‘आज प्रथम काय’ हा निर्णय तेथे होतो. आणि कमी होऊ नये ती स्थानिक वार्ताहरांची संख्या, कारण परळच्या पुलावर उभे राहून बातमी देणारा माणूस दिल्लीहून पाठवता येत नाही. एकत्रीकरण करायचेच असेल, तर स्थानिक बातम्यांची किमान वेळ आधी लेखी निश्चित व्हावी आणि वाचलेल्या पैशाचा काही वाटा त्याच भागातील वार्तांकनावर खर्च व्हावा. प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्याने प्रादेशिक भाषा आणि संस्कृती यांना पुरेसे स्थान देण्याचे कर्तव्य सांगितलेलेच आहे. ही मागणी नवी सवलत नव्हे, त्या कर्तव्याची आठवण आहे.

अशी आठवण दिली की उपयोग होतो, हेही दिसले आहे. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आवाज उठवताच त्याला स्थगिती मिळाली. बातमी नको असलेला समाज असता, तर तो आदेश निमूटपणे अमलात आला असता.

खासगी वाहिन्या भरपूर आहेत, तेव्हा सरकारी वृत्तसेवेची चिंता कशाला, असेही म्हटले जाते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार माझा’चे नाव २०१२ मध्ये बदलले, मालकांच्या करारांनुसार वाहिन्यांची नावे बदलतात, त्यांची गणितेही बदलतात. जाहिरातदार जेथे, तेथे कॅमेरा, हा तेथील नियम आहे आणि तो लपवलेलाही नाही. म्हणूनच लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वृत्तसेवेवर वेगळी जबाबदारी येते. दूरदर्शनला पैसा पुरवणाऱ्यांत लालबागचा निवृत्त गिरणी कामगारही आहे. खर्चाला कात्री लावताना त्याच्या वाट्याची पाच मिनिटे कापली गेली नाहीत ना, एवढे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत मिळाले पाहिजे.