मुदतीची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार नवी वही पुजतो. पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो, हळदकुंकू वाहतो आणि जुनी वही बांधून माळ्यावर टाकतो. जुन्या वहीत पुष्कळ पाने कोरी उरली आहेत, तेव्हा आणखी एक वर्ष तीच रेटू, असे म्हणणारा दुकानदार निदान आमच्या पाहण्यात नाही. येणे-देणे पुढे ओढता येते. पण एकदा हिशेब करावाच लागतो. लोकसभेच्या मुदतीचे मर्म तरी याहून कोठे निराळे आहे?

आपल्या संसदेत मुदतीचे दोन प्रकार आहेत. राज्यसभा कधी बरखास्त होत नाही. तेथील सभासद सहा वर्षांसाठी येतो आणि दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात. १९५२ साली सगळेच एकदम आले, तेव्हा कोणी दोन वर्षांनी उठायचे आणि कोणी चार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागले! लोकसभेत मुदत माणसाची नसून सभागृहाची असते. पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून पाच वर्षे, की खेळ खलास. पोटनिवडणुकीने मध्येच आलेल्याला उरलेला काळ तेवढा मिळतो. मधल्या स्टेशनावर गाडीत चढला म्हणून कोणासाठी शेवटचे स्टेशन पुढे सरकत नाही.

ही पाच वर्षे कमी करता येतात. लोकसभा आधीच बरखास्त होऊ शकते. वाढविण्याची वाट मात्र एकच. आणीबाणी जारी असेल तर संसदेने कायदा करावा, तोही एका वेळी फार तर एका वर्षापुरता. ही तरतूद काही अविचाराने घातलेली नाही. ब्रिटनमध्ये १९३५ साली निवडलेली पार्लमेंट महायुद्धामुळे १९४५ पर्यंत चालली. घराला आग लागली असता वहीपूजन कोण करीत बसतो?

पण आग लागली आहे, हे ठरवायचे कोणी? १९७१ च्या मार्चमध्ये निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. देशात १९७५ च्या जूनपासून अंतर्गत आणीबाणी होती. विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगात, वृत्तपत्रांवर सेन्सॉरची कात्री. अशा वेळी लोकसभेची मुदत एक वर्षाने वाढविण्यात आली आणि त्याच साली पुन्हा आणखी एक वर्षाने. सगळे घटनेच्या चौकटीत बसणारे! भाडेकरूनेच भाडेचिठ्ठीवर नवी तारीख घालावी आणि मालकाला कोंडून ठेवावे, तसा हा प्रकार.

या लोकसभेत मधु लिमये होते. जन्म पुण्याचा, गोवामुक्तीच्या लढ्यात १९५५ साली पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेले. १९७३ साली बिहारमधील बांका येथून ते पोटनिवडणुकीने आले होते. दुसरे शरद यादव. जबलपूरहून पोटनिवडणुकीनेच आलेले, तिशीही न गाठलेले. दोघेही आणीबाणीत स्थानबद्ध होते. वाढलेली मुदत त्यांनाही आपोआप मिळत होती. कोणी हरकत घेतली नसती. पण मतदारांनी ज्या मुदतीसाठी पाठविले ती संपली, असे मानून दोघांनी १९७६ साली तुरुंगातूनच राजीनामे दिले. यादवांची तर खासदारकी जेमतेम सुरू झालेली! तरी गाडीचे शेवटचे स्टेशन आले, हे त्यांनी ओळखले. कायदा ‘बसा’ म्हणत असता उठणे, हे सोपे नसते.

तेवढ्याने कारभार थांबला नाही. ४२ व्या घटनादुरुस्तीने तर लोकसभेची मुदत कायमचीच सहा वर्षे केली. परंतु १९७७ च्या जानेवारीत लोकसभा बरखास्त झाली, मार्चमध्ये निवडणूक झाली आणि बांका व जबलपूर यांनी आपापला माणूस पुन्हा दिल्लीला पाठविला. या नव्या लोकसभेच्या पदरात कायद्याने सहा वर्षे पडली होती. तिच्याच काळात १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली. हातात आलेले वर्ष परत करणारी सभा म्हणून तिची आठवण ठेवायला हरकत नाही.

निवडणुकांना खर्च फार होतो, रस्ते अडतात, कामे खोळंबतात, अशी कुरकुर आपण नेहमी ऐकतो. प्रसंगी स्वतःही करतो. खर्च वहीपूजनालाही होतो, वाचकहो. पण जुनी वही मिटण्याचा हक्क पेढीवर बसलेल्या मुनीमाकडे गेला, तर मालकाने दिवाळी साजरी करायची ती कशाच्या आधारावर?