वैरण कोण घालतं?

मूल आणि जनावर यांच्या मैत्रीचे चित्रपट मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि आता मला त्यांचा संताप येतो. कारण साधं आहे. या चित्रपटांत जनावराला वैरण कोण घालतं, पाणी कोण दाखवतं, शेण कोण काढतं हे कधी दिसतच नाही. घोडा दौडतो, कुत्रा चोर पकडून देतो, हत्ती पोराला सोंडेने उचलून पाठीवर घेतो. शेवटी ते जनावर एक तर माणसासाठी जीव देतं, नाही तर जंगलाच्या तोंडाशी थांबून एकदा मागे वळून पाहतं आणि निघून जातं. थिएटरात रुमाल निघतात. घरी परतताना जो तो स्वतःच्या मायाळूपणावर खूश असतो, आणि दाराशी बसलेल्या कुत्र्याला लाथ घालून आत जातो.

मी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात राहतो. दर्गा-ए-हकीमीमुळे देशोदेशीचे बोहरा यात्रेकरू आमचं गाव ओळखतात. बाकीच्यांना बुऱ्हाणपूर म्हटलं की मुमताज महल आठवते, कारण ती १६३१ साली इथे वारली आणि तापीपलीकडच्या आहूखान्यात तिला काही महिने पुरलं होतं. आहूखाना पाहायला येणारा माणूस मुमताजसाठी हळहळतो. पण ‘आहू’ म्हणजे हरीण. बादशाही घराण्याला शिकारीची हौस भागवता यावी म्हणून हरणं पाळायची ती जागा. हे फलकासमोर उभं राहून वाचणाऱ्याच्या मनातही टिकत नाही. राणीचं मरण लक्षात राहतं, हरणांचं राहत नाही. आपली गोष्ट सांगण्याची रीतच अशी आहे आणि मुलांच्या चित्रपटांनी तीच उचलली आहे.

या उन्हाळ्यात माझ्या नातीने असाच एक चित्रपट पाहिला. संपल्या संपल्या ती म्हणाली, “आबा, मला पोपट आणून द्या. तो माझ्याशी बोलेल.” तिचा काही दोष नाही. पाखरू तिच्याशी बोलण्यासाठीच जन्माला आलेलं असतं, हे दोन तास तिच्या मनावर ठसवलं गेलं होतं. आपल्याकडचा हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. तरी तो विकला जातो आणि घेणारे बहुतेक वेळा मुलांचे आईबाप असतात. २०१० साली तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी घुबडांच्या चोरट्या व्यापाराबद्दल बोलताना हॅरी पॉटरचं नाव घेतलं होतं. शहरांतल्या मुलांना घुबड भेट म्हणून हवं झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या पाखराचं नाव आपण शिवी म्हणून घेतो आणि ज्याचा मांत्रिक दिवाळीच्या रात्री बळी देतात, त्याच्यामागे आता पोरांचा हट्टही लागला.

आपल्या चित्रपटांच्या सुरुवातीला एक पाटी येते : या चित्रीकरणात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही. ही पाटी आली ते चांगलंच झालं. प्राणी कल्याण मंडळ १९६२ पासून आहे. २००१ चे नियम आल्यावर जनावराकडून पडद्यावर काम करून घ्यायचं तर नोंदणी आणि परवानगी लागू लागली. त्याआधी घोडे कसे पाडले जात, याच्या गोष्टी त्या धंद्यातली जुनी माणसं सांगतात. नियमांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझं भांडण पाटीनंतर येणाऱ्या गोष्टीशी आहे. इजा झाली नाही एवढं सांगितलं की दिग्दर्शक मोकळा होतो. मग पुढचे दोन तास ते जनावर पोराच्या हातातलं खेळणं असतं. त्याला भूक नाही, म्हातारपण नाही, आजार आला तरी तो कथानकाच्या सोयीने येतो.

१९७१ चा ‘हाथी मेरे साथी’ मी आमच्याच गावात पाहिला, तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. रामू हत्ती मालकाच्या लेकराला वाचवतो आणि शेवटी मालकासाठी आलेली गोळी स्वतः झेलतो. मी इतका रडलो की बापाने मला अर्धा रस्ता खांद्यावरून आणला. आमच्या दावणीला तेव्हा दोन बैल होते, तांब्या आणि भोरा. त्या रात्री मी तांब्याच्या गळ्याला मिठी मारून बसलो आणि आमच्यावर कुणीतरी हल्ला करावा असं मनापासून वाटू लागलं, म्हणजे तांब्या आम्हाला वाचवेल. चित्रपटाने मला हेच शिकवलं होतं. रोज पहाटे उठून रान नांगरणारा बैल माझ्या लेखी पुरेसा नव्हता. त्याने माझ्यासाठी मरून दाखवायला हवं होतं.

पुढे दोन पावसाळ्यांनी तांब्याचा मागचा पाय गेला. जोडी मोडली. पेरणी तोंडावर आलेली, एका बैलावर औत चालत नाही आणि दुसरा घ्यायचा तर पैसा कुठून आणायचा? बापाने तांब्याला बाजारात नेलं. दलालाने रुमालाखाली बोटं धरून भाव केला. मी काही तांब्याच्या पुढ्यात आडवा पडलो नाही. मी कासरा धरून उभा होतो आणि बापाने तो माझ्या हातातून सोडवून दुसऱ्याच्या हातात दिला. घरी आल्यावर आईने चूल पेटवली नाही. बाप गव्हाणीजवळ जाऊन बसला आणि उरलेला कडबा नीट रचत राहिला. असा प्रसंग मी त्यानंतर कितीतरी वर्षं पडद्यावर शोधत होतो.

तो २००८ साली मिळाला. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’. जुन्नरकडचं एक शेतकरी घर, बटाट्याचं रान, डोक्यावर कर्ज आणि चितंग्या नावाचा जायबंदी बैल. बापाला चितंग्याला खाटकाला विकून नवा बैल आणायचा आहे, आणि टिंग्या ते होऊ द्यायला तयार नाही. शेजारच्या मुसलमान घरातली रशिदा ही त्याची मैत्रीण. तिची नानी आजारी आहे, तिच्यासाठी औषधपाणी चाललेलं आहे. टिंग्याचा प्रश्न असा की म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवता, मग म्हाताऱ्या बैलाला खाटकाकडे का धाडता? या प्रश्नाला चित्रपटातल्या एकाही मोठ्या माणसाकडे उत्तर नाही, आणि चित्रपट खोटं उत्तर पुढे करत नाही. बाप दुष्ट नाही. तो इतका पिचलेला आहे की स्वतःच्या जिवाचंही बरंवाईट त्याच्या मनात येऊन जातं. चितंग्या कुणालाही वाचवत नाही, कुणावर झडप घालत नाही. तो फक्त बसून राहतो, कारण त्याला उठता येत नाही. शरद गोयेकरला त्या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो शंभर टक्के योग्य होता.

‘टिंग्या’ मी घरी टीव्हीवर पाहिला. आमच्या बुऱ्हाणपुरात मराठी बोलणारी घरं गल्लोगल्ली आहेत. रावेर, मुक्ताईनगर हाकेच्या अंतरावर, सोयरीक तिकडची, लग्नं तिकडची. तरी सीमेच्या या बाजूला, मध्य प्रदेशात असल्यामुळे मराठी चित्रपट आमच्यासाठी असतो हे वितरकांच्या ध्यानीमनी नसतं. आमच्या मुलांपुढे येतो तो हिंदीत उतरवलेला परदेशी साहसपट.

त्यातला सगळ्यांत मोठा तर आमच्याच राज्याच्या नावावर उभा आहे. मोगलीचं जंगल शिवनीचं, म्हणजे मध्य प्रदेशातलं. किपलिंगने कथा तिथे बसवल्या. २०१६ चा चित्रपट मात्र सगळा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. त्यात मुलगा तेवढा खरा, अस्वल, वाघ, बिबट्या सगळे संगणकातले. कुठल्याही जिवंत जनावराचे हाल झाले नाहीत ही त्यातली चांगली बाजू, ती मी नाकारणार नाही. पण शिवनी कुठे आहे हे तो पाहून आलेल्या किती मुलांना सांगता येतं? त्याच जंगलाला लागून राहणाऱ्या पोराचा वाघाशी काय संबंध असतो? आई मोहाची फुलं वेचायला गेली की ती परत येईपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसणं हा असतो. त्या पोराला कुणी नायक केलं नाही.

खरी गोष्ट कशी असते ते २०२२ साली आमच्या शेजारी घडलं. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात त्या वर्षीच्या लम्पी साथीची पहिली जनावरं सापडली ती रावेर तालुक्यातल्या चिनावलला. आम्हाला ते गाव लांब नाही. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले, खाणंपिणं बंद. जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचायला घेतली. त्या वर्षीच्या पोळ्याला जनावरं एकत्र आणायची नाहीत असं सांगावं लागलं. पोळा म्हणजे शेतकऱ्याच्या पोराचा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. आदल्या दिवशी खांदेमळण, मग अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. त्या वर्षी माझ्या भाच्याच्या पोराने रंगाची डबी आणून ठेवली होती आणि ती उघडलीच नाही. तो आणि त्याची बहीण रात्री आळीपाळीने उठून वासराच्या अंगावरच्या माश्या हाकलत, कडुनिंबाच्या पाण्याने गाठी पुसत. अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी, सतरा रात्री. वासरू जगलं नाही. यात साहस नाही असं ज्याला वाटतं त्याने मुलांसाठी चित्रपट काढू नयेत.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगताना लोक इकडेतिकडे पाहू लागतात, पण मला ती दडवायची नाही. आमच्या शेजारी दरवर्षी बकरी ईदच्या काही महिने आधी बोकड आणतात. घरची मुलं त्याला पाला घालतात, न्हाऊ घालतात, नाव ठेवतात, संध्याकाळी दोरी धरून गल्लीत फिरवतात. ज्याला जिवापाड सांभाळलं त्याचीच कुर्बानी द्यावी असं त्यांच्यात मानतात. ईदच्या सकाळी शेजारचा एक मुलगा आमच्या ओट्यावर येऊन बसतो आणि बोलत नाही. माझी बायको त्याला चहा देते, तीही बोलत नाही. त्याच्या त्या गप्प बसण्यात आणि बाजारातून रिकाम्या हाताने परतलेल्या माझ्यात मला काडीचा फरक दिसत नाही. टिंग्या आणि रशिदा आमच्या गल्लीत आजही शेजारी राहतात. यावर चित्रपट करायला धाडस लागतं, कारण दोन्ही बाजूंनी ओरडणारे तयार बसलेले आहेत. म्हणून दिग्दर्शक पुन्हा हत्तीकडे वळतो.

‘टिंग्या’नंतर काळ आणखी पुढे गेला आहे. मध्य प्रदेशात २००४ पासून आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाची कत्तल कायद्याने बंद आहे. कायदा बरा की वाईट हा वाद मी इथे घालत नाही. मला एवढंच विचारायचं आहे की म्हाताऱ्या बैलाची वैरण कोण घालणार? केळीची वाहतूक आता ट्रकवर, नांगरट ट्रॅक्टरवर. ज्याच्याकडे दोन एकर आहेत त्याला स्वतःचं पोट भरत नाही. बैल विकता येत नाही, पोसता येत नाही, मग रात्री त्याचा कासरा सोडून देतात. टिंग्याच्या बापाला निदान गिऱ्हाईक होतं. आजच्या टिंग्याचा चितंग्या इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रकच्या उजेडात उभा असतो, आणि शाळेच्या बसमधून तो पोर त्याला ओळखतो. हा खरा कौटुंबिक साहसपट आहे. त्यात घर आहे, मूल आहे, जनावर आहे आणि जिवावरचा धोकाही आहे.

तो काढणार कोण? मुलांच्या चित्रपटांसाठी १९५५ साली सरकारने बाल चित्र समिती उभी केली होती. बाजाराला नको असलेली गोष्ट तिथे निदान मागता तरी येत होती. २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात मिसळून टाकली. देशातली मुलं कमी झाली होती काय? त्या संस्थेचा कारभार ढिसाळ होता हे मान्य. ढिसाळ शाळा सुधारायची असते, तिला कुलूप लावायचं नसतं. ज्या देशात कोट्यवधी मुलं जनावरांच्या संगतीत वाढतात, त्यांच्यासाठी चित्रपट काढणारी स्वतंत्र संस्था असू नये, हा गुन्हा आहे असं मी म्हणतो.

मराठी दिग्दर्शकांना माझं सांगणं आहे. हत्ती, घोडे, संगणकातले वाघ पुरे झाले. या भागात या, पोळ्याच्या आदल्या दिवशी या, ईदच्या आठवड्यात या. कॅमेरा गोठ्यात ठेवा आणि पहाटे चारला उठणाऱ्या मुलीच्या मागे चाला. चित्रपट झाला की तो बुऱ्हाणपूरलाही लावा. आम्ही तिकीट काढून येऊ.

नातीला मी पोपट आणून दिला नाही. रोज संध्याकाळी तिला बरोबर घेऊन रस्त्यावर जातो, बादलीत पाणी आणि पिशवीत कुट्टी असते. काल तिथे तीन बैल होते. एकाच्या शिंगांवर गेल्या पोळ्याचा निळा रंग अजून होता.