सोनाराने कान टोचले, पुढे काय?

सोनारानेच कान टोचावेत ही म्हण आपण दुसऱ्याला सुनावायला वापरतो. मंडळी, आज खऱ्याखुऱ्या कानांविषयी लिहितो आहे.

टोचल्या जागी काहींना घट्ट, खाजरी गाठ येते आणि जखमेच्या बाहेर वाढत राहते. हाच केलॉइड. तो कॅन्सर नव्हे, संसर्गजन्यही नाही. त्याची प्रवृत्ती बरेचदा घराण्यातून येते, त्यामुळे उगाच सोनाराला बोल लावू नये.

गाठ कापली की सुटलो, असे लोकांना वाटते. मला ते पटत नाही. नुसती कापलेली गाठ पुष्कळदा परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. मोठी गाठ काढल्यावर कातडी पुरत नाही, म्हणून दुसरीकडची त्वचा लावतात. पण ती जिथून घेतली तिथेही केलॉइड उठू शकतो! यासाठी काही सर्जन गाठीवरचीच त्वचा सोलून जखमेवर बसवतात.

खरी परीक्षा टाके निघाल्यावर असते. काही महिने स्टेरॉइडची इंजेक्शने, पाळीवर दाब देणारी खास कुडी, कुणाला रेडिएशन. आमच्या खर्डीहून लोकलने ठाणे-मुंबई गाठायची म्हणजे एक रोज बुडाला. मजुरीच्या घरात तिसरी खेप चुकतेच. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पुढच्या खेपा मोजा. इंजेक्शन शहापूरला मिळेल का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारा.

आणि घरात कुणाला केलॉइड असेल, तर नातीच्या बुगडीचा हट्ट आजीने सोडावा. बुगडीवाचून कुणाचे काही अडत नाही.